गरम तारेची करवत

सलमाला विज्ञान प्रदर्शनासाठी बीबी का मकबऱ्याची प्रतिकृती करायची होती. ती सुरीने थर्मोकोल कापू लागली. कडा तुटल्या. घरभर पांढरे दाणे पसरले.

इरफानभाई म्हणाले, "सुरी ठेव. आपण गरम तारेची करवत करू."

त्यांनी लाकडी चौकटीत २८ गेजची, ३० सेंटिमीटर लांब नायक्रोमची तार बांधली. तापल्यावर तार लांबते व सैल पडते, म्हणून एका टोकाला स्प्रिंग लावली.

सलमा वायरची टोके घेऊन भिंतीवरच्या प्लगकडे निघाली.

"थांब!" भाईजान ओरडले. "तिथे २३० व्होल्ट आहेत. उघड्या तारेला हात लागला तर जीव जाईल. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा."

ट्रान्सफॉर्मरने ६ व्होल्ट दिले. तारेचा रोध सुमारे ३ ओहम. म्हणून २ अँपिअर प्रवाह वाहू लागला. तार तापली. तिच्या उष्णतेने थर्मोकोल वितळून सरळ कापला गेला. धूर बाहेर जावा म्हणून अम्मीने खिडक्या उघडल्या.

संध्याकाळी चारही मिनार उभे राहिले. सलमाने करवतीवर चिठ्ठी चिकटवली : 'आधी ट्रान्सफॉर्मर, मग तार.'

शब्दार्थ : प्रतिकृती – नमुना; रोध – अडथळा.

प्रश्न : १. तारेला स्प्रिंग का लावली?
२. भाईजान का ओरडले?