नगरसेवकाच्या हातात नेमकं काय असतं?

प्रश्न : आमच्या गल्लीतली ड्रेनेज लाइन दर पावसाळ्यात तुंबते. नगरसेवक म्हणतात, ‘अधिकारी ऐकत नाहीत.’ मग त्यांना निवडून द्यायचं कशाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे. मात्र नगरसेवकांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवक अभियंत्याला थेट हुकूम देऊ शकत नाही, ठेकेदार नेमू शकत नाही.

पण पैशाची किल्ली सभागृहाकडे असते. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथून ते मुख्य सभेत मंजुरीसाठी जातं. 16 सदस्यांची ही स्थायी समिती मोठ्या निविदाही मंजूर करते, म्हणून तिच्या सदस्यत्वासाठी एवढी चुरस असते. जुनी लाइन बदलायची तर अंदाजपत्रकात त्या कामासाठी तरतूद हवी, आणि ती करून घेणं हे नगरसेवकाचंच काम. शिवाय तो सभागृहात लेखी प्रश्न विचारू शकतो, प्रभाग समितीत अधिकाऱ्यांकडून खुलासा मागू शकतो. माझ्या मते, बाकडी आणि स्वागतकमानींपेक्षा त्याचं मोल इथे ठरतं.

तुमच्या प्रभागात एकाहून अधिक नगरसेवक आहेत, त्यामुळे टोलवाटोलवी सोपी होते. सगळ्यांना एकच अर्ज द्या, क्षेत्रीय कार्यालयातही द्या आणि पोच घ्या. अर्जात ‘लाइन साफ करा’ एवढंच न लिहिता ‘पुढच्या अंदाजपत्रकात लाइन बदलण्यासाठी तरतूद करा’ असं स्पष्ट लिहा. तो अंदाजपत्रकाची तयारी सुरू होण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, पोहोचला पाहिजे.