करकंबात चालेल असा कॉम्प्युटर

चि. ऋतुजा हिस,


तू पाठवलेलं कोटेशन वाचलं. ‘आय-फाइव्ह, ८ जीबी, ५०० जीबी, मॉनिटरसह १६ हजार’ एवढंच त्यात लिहिलंय. दादाने द्राक्षाच्या पैशातून तुझ्यासाठी ३५ हजार बाजूला काढलेत, त्यामुळे निम्म्यात काम भागतंय असं वाटून तुम्ही दोघं खूश झाला असाल. पण या कागदावर एक रुपयाही देऊ नका.

आय-फाइव्ह हे नाव इंटेल २००९ पासून वापरतेय. २०११ चा २४०० हाही आय-फाइव्ह आणि २०१८ चा ८५०० हाही आय-फाइव्हच. खरी ओळख नावापुढच्या आकड्यात असते. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक पिढी सांगतो, पाच अंकी असेल तर पहिले दोन. म्हणजे २४०० दुसऱ्या पिढीचा आणि १२४०० बाराव्या. असल्या स्वस्त संचात पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला प्रोसेसर एच-६१ जातीच्या कोऱ्या मदरबोर्डवर बसवतात, वर काचेचं कॅबिनेट आणि रंगीत दिव्यांचे पंखे लावतात आणि ‘नवा आय-फाइव्ह’ म्हणून विकतात. दुकानात दोनच गोष्टी विचार : प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय, आणि रॅम डीडीआर किती. डीडीआर-३ असं उत्तर आलं की उठायचं. नंबरच्या शेवटी एफ अक्षर असेल तरी थांब. त्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घ्यावं लागतं आणि तो खर्च तुला नकोय.

पिढीवर मी एवढा भर देते, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. जुन्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ चढवून देणारे भेटतील. तुझ्या बँकेचं आणि महाडीबीटीच्या अर्जाचं काम त्यावर होणार आहे, तेव्हा तो मार्ग नको.

आता घ्यायचं काय? कंपनीचा नवा कोरा संच मॉनिटर आणि यूपीएससकट ३५ हजारांत बसवताना ओढाताण होईल. त्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली, म्हणून रॅमचे भावही चढलेत. माझं मत विचारशील तर रिफर्बिश्ड घे. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क किंवा प्रोडेस्क, लेनोवोचा थिंकसेंटर ही ऑफिसांसाठी बांधलेली दणकट यंत्रं आहेत. कंपन्या ती काही वर्षांनी बदलतात, मग ती साफसूफ होऊन बाजारात येतात. आय-फाइव्ह ८५०० किंवा त्यापुढचा, ८ जीबी रॅम आणि रॅमची एक जागा मोकळी, २५६ किंवा ५१२ जीबी एसएसडी. टॅली, टायपिंग, एक्सेल, पायथनचे पहिले धडे, सगळं यावर आरामात होतं. कोटेशनमधली ‘५०० जीबी’ ही बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. ती असली की यंत्र सुरू व्हायलाच कितीतरी वेळ खातं, आणि नवशिक्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. थोडी जागा कमी मिळाली तरी चालेल, पण एसएसडीच हवी.

या रिफर्बिश्ड यंत्रांची एक उणी बाजू आहे आणि आपल्या करकंबात तीच महत्त्वाची ठरते. त्यांचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, कंपनीच्या खास मापाचा असतो, पिनाही वेगळ्या. साध्या असेंबल्ड कॅबिनेटचा एसएमपीएस जळाला तर पंढरपुरात त्याच दिवशी दुसरा मिळतो. यांचा मात्र मागवावा लागतो. म्हणून विकणाऱ्याला आधीच विचार, हा डबा तुमच्याकडे सुटा मिळतो का, आणि किती दिवसांत? नीट उत्तर देणाऱ्याला हजार रुपये जास्त गेले तरी जाऊ देत. वर्षाची वॉरंटी, जीएसटीचं पक्कं बिल आणि बिलावर यंत्राचा सिरियल नंबर, या तिन्ही गोष्टी घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. बिल नको म्हटलं तर १८ टक्के वाचतील असं कुणी सुचवेल. पण तसं केलंस तर बिघाड झाल्यावर तुला कोणी ओळखणार नाही.

आणि तो डबा जळू नये याची सोय घरातच करायची आहे. दादाला सांग, वायरमनला बोलावून आधी अर्थिंग तपासून घे. तीन पिनांचं सॉकेट भिंतीत आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, जुन्या घरांत तिसरी तार बऱ्याचदा कुठेच जोडलेली नसते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला उलटा हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, ती याचीच खूण. असं झालं तर कॉम्प्युटर लगेच बंद करायचा आणि अर्थिंग होईपर्यंत लावायचा नाही. ६०० व्हीएचा यूपीएस घे. वीज गेल्यावर पाचदहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम सेव्ह करून यंत्र रीतसर बंद करायचं. यूपीएसवर प्रिंटर लावू नकोस. वळवाचा पाऊस आणि कडकडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही. प्लग उपसायचा आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढायची. मोठ्या शहरातला माणूस तुला हे सांगणार नाही, पण आपल्याकडच्या मे महिन्यात याची गरज पडते.

उरलेल्या पैशांतून मॉनिटर नवाच घे, २२ इंचांच्या आसपास, कारण डोळे तुझे आहेत. कीबोर्डवरही पैसे वाचवू नकोस. तुला टायपिंगच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेला बसायचंय, रोज तासन् तास बोटं त्यावरच असणार. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. शिकायला आठवडाभर त्रास होतो, मग हात थांबत नाही. तुझ्या क्लासमध्ये परीक्षेला कोणता कीबोर्ड धरतात ते मात्र आधी विचारून घे. टॅली विकत घ्यायची घाई नको. टॅली प्राइमच्या एज्युकेशनल मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांच्याच नोंदी होतात, पण शिकण्यापुरतं ते भरपूर आहे. चोरीचं ऑफिस कुणी ‘फुकट टाकून देतो’ म्हणाला तर नको म्हण, लिबर ऑफिस खरंच फुकट आहे.

दुकानात यंत्र सुरू करून बघ. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर गेलीस की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. मेमरीवर दाबलं की रॅमच्या किती जागा भरल्यात ते कळतं, आणि डिस्कखाली एसएसडी लिहिलेलं असतं. नंतर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघ, तिथे विंडोज ॲक्टिव्ह दिसलं पाहिजे. या चारही पानांचे फोटो काढून मला पाठव. मी दुपारी दोनपर्यंत ऑफिसात असते, तेव्हा त्यानंतरच दुकानात जा आणि माझा फोन येईपर्यंत बिल करू नका.

दादाला आणि वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या