माळवदाचे घर : वारा, ओल आणि ओझे



आपल्या लातूर-नांदेड भागात अजून जुनी माळवदाची घरे आहेत. आमच्या आजीचे घर तसलेच. वैशाखात बाहेर अंग भाजते, पण आत गार वाटते. असे का, ते आजीला व गुरुजींना विचारून मी लिहीत आहे.

माळवद : खांबावर तुळया, तुळयांवर लाकडी सर, त्यावर फळ्या, मग लिंबाचा पाला आणि सर्वांत वर पांढरी माती. ही माती चोपली की दाट बसते. पाऊस आत मुरायच्या आधी उतारावरून पन्हाळातून खाली पडतो. जाड मातीतून ऊनही लवकर आत येत नाही.

वारा : छताला एक भोक ठेवतात. त्याला साणे म्हणतात, आजी 'सानं' म्हणते. गरम हवा हलकी असते. ती चुलीच्या धुरासकट साण्यातून वर जाते आणि दारातून ताजी हवा आत येते.

ओल : समईच्या वातीतून तेल चढते, तशी जमिनीतली ओल भिंतीत चढते. ताटलीत पाणी घालून त्यात कोरडी वीट उभी करा, म्हणजे दिसेल. मातीच्या गिलाव्यातून ही ओल उडून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर ती आत कोंडते आणि पोपडे निघतात.

ओझे : माळवद गळाले की लोक वर आणखी माती टाकायचे. गळती थांबायची, पण थर वाढून फूट-दोन फूट व्हायचा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. दगड-मातीच्या भिंती फुटल्या आणि वरची माती अंगावर आली. हजारो माणसे गेली.

म्हणून एवढे करावे :
१) जुनी माती खरवडून काढावी, मगच नवी टाकावी.
२) खांब-तुळयांना वाळवी लागली का ते पाहावे.
३) दगडी भिंत बांधताना मधून मधून आरपार दगड घालावेत, म्हणजे दोन्ही पदर धरून राहतात.
४) पत्र्याच्या घराला समोरासमोर खिडक्या व वर झरोका ठेवावा.

पालकहो, मिरगाच्या आधी आपल्या माळवदावर किती माती आहे, ते एकदा मोजून पाहा.

– इयत्ता ७ वी