यागू, पेज, आंबील : एका अन्नाची अनेक नावे

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, नाणी व ग्रंथ आपल्यासमोर येतात. परंतु घरच्या चुलीवरील शब्द हेही इतिहासाचे साधन आहे. त्याचे उदाहरण म्हणून आम्ही मूठभर धान्य, भरपूर पाणी आणि चिमूटभर मीठ एवढ्यावर होणारा एक साधा पदार्थ येथे घेत आहोत. आजाऱ्याला पथ्य, कष्टकऱ्याला आधार आणि दुष्काळात कुटुंबाचा निभाव अशी तिन्ही कामे त्याने आजवर केली आहेत.

कोकणात व गोव्यात तो तांदळाचा. त्यास पेज म्हणतात. देशावर ज्वारीचे अथवा नाचणीचे पीठ आंबवून शिजवले व ताक घातले की आंबील होते. ज्वारी भरडून शिजवली की त्या कण्या. मराठवाड्यात व विदर्भात ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजतो. राज्याची सीमा ओलांडली तरी हे शब्द सोबत येतात. कर्नाटकात व तेलंगणात अंबली आहे, तर बस्तरमध्ये मंडिया पेज, म्हणजे नाचणीची पेज. तामिळनाडूत व केरळात हेच अन्न कंजी होते. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रुग्णास द्यावयाच्या तांदळाच्या पाण्याचा याच नावाने उल्लेख केला आहे.

अशाच अन्नाचे एक जुने नाव पाली वाङ्मयात आढळते, ते ‘यागू’. विनयपिटकाच्या महावग्गात त्याविषयी एक प्रसंग आहे. अंधकविंद येथील एक ब्राह्मण भगवंतांच्या संघास भोजन देण्याची पाळी मिळावी म्हणून दोन महिन्यांहून अधिक काळ संघामागून फिरत होता. पाळी येईना, तेव्हा भोजनशाळेत कोणता पदार्थ नाही हे त्याने पाहिले. यागू आणि मधाचे लाडू नव्हते. आनंदांमार्फत विचारणा करून त्याने तेच सिद्ध केले. भगवंतांनी ते स्वीकारले आणि यागूचे दहा लाभ सांगितले. यागू देणारा आयुष्य, कांती, सुख, बळ व प्रतिभा देतो. यागू भूक भागवते, तहान शमवते, वात सुरळीत करते, बस्ती शुद्ध करते आणि न पचलेले अन्न पचवते.

धम्माबरोबर हा पदार्थही सन्मानाने नांदला. श्रीलंकेत त्यास कैंद म्हणतात, जपानमध्ये कायू. सोतो झेन पंथाच्या विहारांत सकाळी कायू घेताना तिच्या दहा लाभांचे स्मरण आजही केले जाते. चीनमध्ये बाराव्या चांद्रमासाच्या आठव्या दिवशी भगवंतांच्या संबोधीप्रीत्यर्थ विहारांतून धान्यांची पातळ खीर शिजवून वाटली जाते.

मग जे अन्न विहारात पूज्य ठरले, ते आपल्या गावात हलके कसे ठरले? आमच्या मते त्याचे उत्तर पदार्थात सापडत नाही. येथे अन्नाची प्रत खाणाऱ्याच्या जातीवरून ठरवली गेली. म्हणूनच वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलास घरी काय शिजते असे विचारले, तर तो वरण-भात व चपाती सांगतो; कण्या हा शब्द ओठांवर येऊनही गिळतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस व उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. दुसऱ्याच्या दारी लाचारीने मिळालेले अन्न सोडा, असा त्याचा आशय होता. स्वतःच्या घामाच्या दाण्यांची, स्वतःच्या चुलीवर शिजलेली आंबील त्या अन्नात मोडत नाही. ती लपवण्याचे कारण नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या आहाराची नोंद केली, ती याच दृष्टीने महत्त्वाची आहे. गरिबीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या मुलांना दूध, अंडी, फळे, डाळ पुरेशी मिळालीच पाहिजेत. पण पोट भरल्यावर आईची भाषा विसरावी, असे कोणत्याही शिक्षणाने सांगितलेले नाही.

माजी विद्यार्थी व पालक यांना आमची एक विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे बसून अशा प्रत्येक पदार्थाचे नाव, गाव, धान्य, करण्याची रीत आणि तो कोणत्या प्रसंगी होत असे, एवढे पाच रकाने भरून आणावेत. नाव त्या उच्चारतील तसेच लिहावे; प्रमाण करू नये. शंभर घरांतून अशी शंभर पाने आली, तर आपल्या ग्रंथालयात असा एक इतिहास उभा राहील, जो लिहिण्याची गरज आजवर इतर कोणाला वाटली नाही. त्या आज्या आहेत तोवरच हे काम होणारे आहे.