एकट्यानें खेळावयाचा एक डाव

पत्ते म्हटले कीं पुष्कळ वडील माणसांच्या कपाळास आंठ्या पडतात. आणि जेथें पैसा लावला जातो तेथें त्या पडाव्या हेंच योग्य. परंतु ज्यांत प्रतिपक्षी नाहीं व पैजही नाहीं अशा एका डावाविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहूं इच्छितों. त्याचें नांव फ्रीसेल. पॉल आल्फिल यांनीं १९७८ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नामक संगणकयंत्रणेवर तो प्रथम मांडला. संगणक नसला तरी पत्त्यांचा साधा कॅट घेऊन सतरंजीवरही तो उत्तम खेळतां येतो.

कॅट पिसून सर्व ५२ पानें आठ रांगांत उघडीं मांडावीं. चार रांगांत सात सात, चार रांगांत सहा सहा. रांगेच्या शेवटच्या पानावर त्याहून एकानें लहान व विरुद्ध रंगाचें पान बसतें. जसें, काळ्या अठ्ठीवर तांबडी सत्ती. वरच्या बाजूस चार रिकामीं घरें असतात व प्रत्येकांत एकच पान राहूं शकतें. रिकाम्या झालेल्या रांगेंत कोणतेंही पान ठेवावें. इस्पिक, बदाम, चौकट व किलवर यांच्या एक्क्यापासून राजापर्यंत चार गड्ड्या पुऱ्या झाल्या, कीं डाव सुटला.

क्लॉन्डाइक नांवाच्या नेहमींच्या पेशन्समध्यें मांडलेल्या २८ पानांपैकीं २१ पालथीं असतात. तेथें हरल्यास दैवास बोल लावण्याची सोय आहे. येथें ती नाहीं, हें आम्हांस फार उशिरां कळलें. प्रारंभीं आम्ही दहांतून दोन डाव कसेबसे सोडवीत असूं, व 'पानेंच वाईट आलीं' असें घरांत सांगत असूं. एके दिवशीं आमच्या धाकट्या बहिणीनें विचारलें, "दादा, सगळीं पानें तर उघडींच आहेत, मग चुकलें कोण?" आम्ही रागावलों, पण तोच डाव पुन्हां मांडला.

त्यांत इस्पिकाचा एक्का चार पानांखालीं होता : बाहेरच्या बाजूनें बदामाची सत्ती, चौकटचा राजा, बदामाची दश्शी व किलवरचा गुलाम. किलवरची अठ्ठी दुसऱ्या रांगेच्या शेवटीं मोकळी होती. तिच्यावर चौकटची सत्ती बसते असें दिसतांच आम्हीं ती बसविली होती, कारण एवढेंच कीं ती बसत होती! मग तीं चारही पानें चार घरांत गेलीं. एक्का सुटला, परंतु इस्पिकाची दुर्री अन्यत्र एका पानाखालीं तशीच अडकून राहिली, आणि तें पान उचलून ठेवण्यास जागा उरली नाहीं.

दुसऱ्या वेळीं अठ्ठी बदामाच्या सत्तीसाठीं राखली. आतां तीनच घरें भरलीं. चौथ्या घरांत दुर्रीवरील पान ठेवलें. दुर्री एक्क्यावर चढली, तिच्याखालून बदामाची राणी निघाली, राणीवर गुलाम व गुलामावर दश्शी बसली. दोन घरें पुन्हां मोकळीं झालीं! तेव्हांपासून पहिलें पान हलविण्यापूर्वीं चारही एक्के व दुर्‍या किती खोल आहेत हें आम्ही बोटानें मोजतों. पुष्कळांस हें कंटाळवाणें वाटतें, आम्हांसही वाटे.

आणखी एक हिशेब पाठ असावा. जितकीं घरें मोकळीं, त्याहून एक अधिक इतकीं पानांची ओळ एका रांगेवरून दुसरीवर नेतां येते. दोन घरांनीं तीन पानें. शिवाय एक रांग मोकळी असल्यास दुप्पट, म्हणजे सहा. म्हणून लहानशी रांग लवकर रिकामी करणें चांगलें, आणि ती घाईनें भरणें वाईट.

मायक्रोसॉफ्टच्या फ्रीसेलमध्यें क्रमांक घातलेले ३२,००० डाव होते. १९९४ सालीं डेव्ह रिंग यांनीं स्वयंसेवक जमवून ते सर्वांस वाटून दिले. एक वगळून बाकीचे सारे सुटले. राहिलेला डाव क्रमांक ११९८२. त्याच्या सर्व वाटा पुढें संगणकानेंही तपासल्या, परंतु मार्ग सांपडला नाहीं. आमच्या बहिणीनें तो आंकडा आमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे. त्या बत्तीस हजारांपैकीं तेवढ्या एकापुरती 'पानें वाईट आलीं' असें म्हणण्याची आम्हांस परवानगी आहे.