कर्बाचीं कुळें व आंबलेला रस

गत हंगामांत आमच्या गुऱ्हाळावर एका काहिलीचा रस रात्रभर तसाच राहिला. सकाळीं त्यास आंबूस वास येत होता व त्याचा गूळ घट्ट वळेना. या हानीचें कारण सेंद्रिय रसायनांत आहे.

कर्बाच्या परमाणूस चार बंध जोडतां येतात. म्हणून त्याच्या लांब साखळ्या व कडीं बनतात. केवळ कर्ब व हायड्रोजन असलेलीं संयुगें तीं हायड्रोकार्बनें. रॉकेल हें त्यांचेंच मिश्रण. त्यांस ऑक्सिजन निरनिराळ्या रीतीनें जोडला म्हणजे मद्यार्क, आम्लें, शर्करा अशीं कुळें होतात. आम्लें व ग्लिसरीन यांच्या संयोगानें भुईमुगाचें तेल बनतें. युरियांत नायट्रोजनही असतो. तो व्होलर यानें १८२८ सालीं प्राण्याच्या शरीराबाहेर तयार केला.

रसांतील साखरेचा किण्व प्रथम मद्यार्क करितो. पुढें जंतू हवेच्या साह्यानें त्याचें शिर्क्याचें आम्ल करितात. असा आम्ल रस तापतांना उरलेल्या साखरेचेंही ग्लुकोज व फ्रुक्टोज होतें. तीं ओलावा धरितात, म्हणून गूळ मऊ राहतो. चुन्याची निवळी आम्ल मारील, परंतु गेलेली साखर परत आणणार नाहीं. यास्तव ऊस तोडल्यावर विनाविलंब गाळावा व रस निघतांच काहिलीखालीं जाळ घालावा.