एक शिकल्यावर दुसरं

जत तालुक्यात वाडीवस्तीवर एकटं कुत्रं क्वचितच दिसतं. मेंढरांमागं एक, दाराशी एक आणि हौस असली तर कारवानीची जोडी. या जोडीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे की पहिलं हाकेला पक्कं झाल्याशिवाय दुसरं आणू नका, आणि आणलंच असेल तर दोघांना वेगवेगळं शिकवा. कारवानी नजरेवर धावतं. पलीकडच्या मुधोळात घोरपडे राजांनी ही जात जोपासली ती शिकारीसाठीच. खोल छाती आणि लांब पाय त्याच कामाचे. एकटं असताना त्याचं निम्मं ध्यान तरी धन्याकडे असतं, जोडीत तेही जोडीदाराकडे जातं. एकाचे कान टवकारतात, मान उंचावते, शेपूट थिजते. दुसऱ्याला ससा दिसलेलाही नसतो, तरी ते त्याच दिशेला ताणून उभं राहतं. हाक मारायची ती या घडीला. पाय सुटल्यावर मारलेली हाक वाया जाते, आणि रोज वाया जाणाऱ्या हाकेला कुत्रं किंमत देत नाही. ससा मारणं 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा ‘धावू दे की’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट राहिलेली नाही.

जाणतं कुत्रं पिल्लाला तयार करतं, असं मेंढपाळ म्हणतात. त्यात तथ्य आहे. माडग्याळ मेंढरांच्या कळपात वाढणारं पिल्लू रात्री कुठं बसायचं, कुणावर भुंकायचं हे थोरल्याचं बघूनच उचलतं. पण भुंकण्यात आणि धावण्यात कुत्र्याला जागच्या जागी मजा मिळते, म्हणून ते लगेच उचललं जातं. मोटारसायकलमागं लागणंही तसंच. धावता धावता थांबून माघारी येण्यात त्याला स्वतःहून काहीच मिळत नाही. ते बक्षीस माणसाच्या हातूनच मिळायला हवं, आणि थोरलं ते देऊ शकत नाही.

वेळ कुठला, हा आक्षेपही रास्त आहे. पण प्रत्येकाला दिवसातून पाच-सात मिनिटं पुरतात. एकाला नजरेआड बांधावं, दुसऱ्याला लांब दोरीवर घेऊन नावानं हाक मारावी, आलं की भाकरीचा तुकडा द्यावा. दोन्ही नावं कानाला वेगळी लागतील अशी ठेवा. दोघं एकेकटी पक्की झाली की मगच एकत्र, तेही आधी दोरीवर. एकाच वेतातली दोन पिल्लं तर आणूच नयेत. ती एकमेकांतच रमतात, माणूस त्यांना परका राहतो. मारून काम लवकर होतं असं काहींना वाटतं. कारवानी मार मनाला लावून घेतं आणि पुढं हाकेला जवळच येत नाही.

खाणं वेगळ्या ताटल्यांत, एकमेकांपासून लांब द्या. बहुतेक भांडणं तिथंच पेटतात. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, पाण्याची बादली ओता. रेबीजची लस दोघांनाही वेळेवर टोचा. चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कुत्रं घरचं असलं तरी.